सुतारमामांचा आकडा

मंत्रिमंडळाच्या बैठकीचं टेबल मधोमध फळ्या घालून लांबवता येत असे, आणि ते काम एकट्या सुतारमामांचं. शपथविधीच्या सकाळी सचिव फोन करून मंत्र्यांचा आकडा सांगत. मामा तेवढ्याच खुर्च्या लावत. एक जरी रिकामी दिसली, तरी बाहेरचे दहा जण तिच्यावर डोळा ठेवून बसायचे. आकडा घरीसुद्धा फोडायचा नाही, अशी सक्त ताकीद होती. सव्वीस वर्षं मामांनी तोंडाला कुलूप लावलं. माझ्यासारख्या चोंबड्या कारकुनालाही कधी दाद दिली नाही.

या खेपेला मात्र त्यांची झोप उडाली होती. नवे पंतप्रधान मंत्रिमंडळ निम्म्यावर आणणार, अशी बोलवा होती. मामांची लेक सगळ्यात किरकोळ खात्यात टायपिस्ट. खातं बुडालं की तीही घरी बसणार. शपथविधीच्या दिवशी दुपारी बाराच्या आत दुसऱ्या खात्यात, लांबच्या शहरात बदली मागितली, तर नोकरी वाचत होती. पण तिचं बाळ जेमतेम वर्षाचं, दिवसभर आजीपाशी असायचं.

दहाला फोन आला. मामांचा चेहरा पांढराफटक पडला. सत्तावीस खुर्च्यांमधल्या चौदाच ठेवून ते उरलेल्या ओढू लागले, तेव्हा मला समजलं.

"मामा, घाई नका करू. मित्रपक्ष रुसले की आकडा फुगतो, तुम्हीच सांगता ना?"

"पोर माझी आहे, तुमची नाही!" ते खेकसले. मग लेकीला फोन लावला. "पोरी, बदली मागून टाक. कारण विचारू नकोस."

अडीचला पुन्हा फोन. तीन मित्रपक्ष रुसले होते. आता अठ्ठावीस. नावांच्या पाट्या आल्या, तर दाराजवळच्या खुर्चीवर लेकीच्याच खात्याचा मंत्री! फळ्या तशाच टाकून मामा तिच्या कचेरीकडे धावले. मला राहवेना, मीही मागोमाग गेलो. मामांनी अर्ज परत मागितला, तर तिचे साहेब म्हणाले, "अर्ज मंजूर झाला. आता माझ्या हातात काही नाही."

लेक टेबलाचा खण रिकामा करत होती. शपथविधी पाचला, खातं वाचल्याचं तिला अजून ठाऊक नव्हतं.

"बरं झालं बाबा, वेळेत सांगितलंत. बाकीच्या अजून टांगणीला लागल्यात," ती म्हणाली. "बाळाला सध्या आईपाशीच ठेवून जाते. सहा महिन्यांनी येईन, तेव्हा ओळखेल ना हो मला?"

मामांनी मान हलवली आणि तिची पिशवी उचलली.