मोहाखालची झोळी
पाला जळाल्याचा वास आला, की मला आरमोरीकडच्या जंगलातली ती सकाळ आठवते. वडील रांगत होते तेव्हाच त्यांची आई गेली, आणि तिचा एकही फोटो नव्हता. ते वाढले दूर, मामाकडे. म्हातारपणी त्यांनी हट्टच धरला, म्हणून मी त्यांना त्यांच्या जुन्या गावी घेऊन गेले. घर कधीच पडलं होतं. मग आम्ही जंगलाकडे वळलो. मार्च सरत आला होता. फुलं वेचता यावीत म्हणून झाडांखालचा पाला जाळलेला, आणि त्या काळ्या जमिनीवर पिवळी मोहफुलं टपटपत होती. त्या गावात प्रत्येक घराचं मोहाचं झाड ठरलेलं असतं. नाल्याकाठी एक म्हातारी फुलं वेचत होती. "कोणाचे गा तुम्ही?" तिनं विचारलं. वडिलांनी आपल्या आईचं नाव सांगितलं. तिनं टोपली खाली ठेवली. "मंग हे झाड तुमचंच हाय, भाऊ. तुमची माय इथी मोह वेचे, तवा तुमाले या फांदीले झोळीत टांगून ठेवे. मी लहान होती. झोके मीच दिले." वडील बराच वेळ फांदीवर हात ठेवून उभे राहिले. मी मोबाइल काढला, तर म्हणाले, "माहा फोटो नोको काढू. या फांदीचा काढ." आता वडीलही नाहीत. तो फोटो आमच्या बैठकीत लावलेला आहे. पाहुण्यांना घरातली माणसं दाखवताना माझी मुलगी त्या फांदीकडेही बोट करते आणि सांगते, "ही माझी पणजी."