डाव्या हाताचं पिस्तूल

कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत कुसुम हात लांब करून उभी राहायची. हातात इस्त्री. गरम नाही, थंडच, वायर गुंडाळलेली. हात खांद्याच्या रेषेत, एक डोळा झाकलेला, दुसरा खिडकीबाहेर. समोरच्या ब्लॉकच्या नवव्या मजल्यावर कुणाची तरी लाल बादली असायची, तिच्यावर नेम. पहिल्या शिट्टीला हात दगडासारखा, दुसरीला थरथर, तिसरीला इस्त्री ओट्यावर. मग म्हणायची, "आज बादली जरा हलत होती." बादली कुठली हलते? पण मी बोलायचो नाही. बोललं की ऐकून घ्यावं लागायचं.

मी सातवी नापास माणूस. इथे, परदेशातल्या या बेटावर, एका शिपयार्डात सव्वीस वर्षं फिटर होतो. लिहायची सवय नाही. पण बायको गेली त्याला आता वर्ष होईल, आणि घरी येणारे सगळे तिच्याबद्दल एकच बोलतात. किती सोशीक होती हो वहिनी. सोशीक वगैरे ती काही नव्हती. ज्यांनी तिला पाहिलंच नाही त्यांनी तरी खरं वाचावं, म्हणून लिहितोय.

आम्ही पासिर रिसला राहतो. मुलगा संदीप चांगी बिझनेस पार्कमध्ये एका बँकेच्या कॉम्प्युटरवर आहे. कुसुम क्लेमेंटीच्या मराठी पोरापोरींना पोळी-भाजीचे डबे द्यायची. त्यातल्या एका मुलीने तिला एकदा नेमबाजीच्या क्लबात नेलं. त्या दिवशी कुणीही यावं, पाच गोळ्या मारून बघाव्यात असं होतं. कुसुमने पाच मारल्या, पाचही काळ्या गोलात. घरी आली आणि चप्पल काढायच्या आत म्हणाली, "मी तिथे नाव घालणार आहे."

"या वयात बंदूक?" मी म्हटलं. "छप्पन्न झाली तुला."

"मग? छप्पन्नला नेम चुकतो का? तुमचा कधी होता?"

ही दोन हजार बारा-तेराची गोष्ट. पोलिसांची तपासणी, अर्ज, कोर्स, सगळं तिने केलं. इंग्रजी कागद संदीपकडून एकदाच वाचून घ्यायची आणि पाठ करायची. क्लब बेटाच्या पार दुसऱ्या टोकाला. एमआरटीने, म्हणजे इथल्या मेट्रोने, सगळी हिरवी लाइन ओलांडायची, मग बस. जाऊन येऊन अर्धा दिवस. मी विचारलं, एवढं काय आहे तिथे? म्हणाली, "तिथे कुणी मला 'आई, हे कुठाय, ते कुठाय' विचारत नाही."

क्लबचीच पिस्तुलं असायची, पॉइंट टू टूची. सगळ्यात लहान काडतूस. धक्का कमी आणि गोळी स्वस्त, म्हणून शिकणाऱ्याने तेच घ्यावं. शिकवायला गो नावाचे म्हातारे मास्तर होते. कुसुम त्यांना गो सर म्हणायची. ते म्हणायचे, "आंटी, डोंट रश." ही घरी येऊन मला सांगायची, "घाई गोळीला असते, आपल्याला नसते." नऊ गुण पडले आणि मी म्हटलं की दहा का नाही, तर म्हणायची, "नऊ काय रस्त्यावर पडलेत?" हे वाक्य तिने पुढे सगळ्याला लावलं. संदीपच्या बढतीला, भाकरी जरा करपली तिला, माझ्या पेन्शनला.

तीन वर्षं असं चाललं. मग छातीत उजव्या बाजूला गाठ निघाली. ऑपरेशन झालं, काखेतल्या गाठी पण काढल्या. उजवा हात सुजायला लागला. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, या हाताने वजन उचलायचं नाही, कायमचं. संदीप रडला. कुसुमने एवढंच विचारलं, "डाव्याने उचललं तर चालेल ना?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या, चालेल. त्यांना वाटलं बाजाराची पिशवी.

क्लबच्या पिस्तुलांच्या मुठी उजव्या हाताच्या. लाकडात बोटांच्या खाचा कोरलेल्या असतात, डाव्या हातात धरलं तर दुसऱ्याची चप्पल घातल्यासारखं. म्हणजे स्वतःचं पिस्तूल घेणं आलं. स्वतःचं म्हणजे घरी आणायचं नाही, तसलं इथे चालत नाही. ते क्लबच्या शस्त्रांच्या खोलीतच राहणार, कुलपात. पण नावावर आपल्या.

आमच्यासमोर तीन आली. एक नवं, युरोपातलं, डाव्या मुठीचं मागवून मिळणारं. त्याची किंमत ऐकून कुसुमने ते हातातसुद्धा घेतलं नाही. "हातात घेतलं की आवडेल," म्हणाली. दुसरं जुनं, सगळं पोलादाचं. मला ते एकदम पसंत. काय घासकाम, काय फिटिंग, स्लाइड मागेपुढे केली तर लोण्यासारखी. मूठ उजवीच होती, पण मूठ मी नवीन कोरली असती. स्वस्तही तेच. मी चाप ओढून बघितला, दोनदा, तीनदा. गो मास्तरांनी माझा हात धरला. "अंकल, एम्प्टी क्लिक नो गुड. पिन स्पॉइल." रिकामं ओढलं की आतली पिन नळीच्या कडेवर आपटते म्हणे. मी ओशाळलो. मशीन चालवून बघितल्याशिवाय घेऊ नये, ही माझी जन्माची शिकवण.

तिसरं लिमबाईंचं. या निवृत्त शाळामास्तरीण, डावखुऱ्या. डोळे गेल्यामुळे पिस्तूल काढून टाकणार होत्या. अॅल्युमिनियमची बॉडी, रंग उडालेला, दिसायला अगदीच सामान्य. किंमत मधली.

कुसुमने डोळे मिटले. पोलादाचं डाव्या हातात घेऊन हात उचलला आणि मग डोळे उघडले. नळीच्या टोकावरची नेमाची माशी मागच्या खाचेत कुठेच नव्हती, भलतीकडे बघत होती. लिमबाईंचं घेऊन तेच केलं. डोळे उघडले तर माशी खाचेत बरोबर मधोमध.

"हे," ती म्हणाली.

"अगं पत्रा आहे तो. ते बघ, लोखंड म्हणजे लोखंड."

"लोखंडाशी लग्न करून झालंय माझं," ती म्हणाली. "आता हलकं काहीतरी बघू द्या."

लिमबाईंना मराठी कळत नव्हतं, पण त्या हसल्या.

क्लबने मात्र एक अट घातली. डाव्या हाताने ती नव्याने शिकणार, तर सहा महिन्यांनी परीक्षा. चाळीस गोळ्या, चारशेपैकी तीनशे वीस गुण. पडले तर क्लब शिफारस देणार आणि पिस्तूल तिच्या नावावर होणार. नाही पडले तर पुढची परीक्षा तीन महिन्यांनी. तोवर ते लिमबाईंचंच. ती वापरणार, पण गो मास्तर शेजारी उभे असतील तेव्हाच. मग इस्त्री डाव्या हातात आली. उजव्या डोळ्यापुढे चष्म्याला पुठ्ठा. पहिल्या महिन्यात पहिल्या शिट्टीलाच हात खाली यायचा.

परीक्षा नेमकी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आली. आणि इथे मी माती खाल्ली.

आमच्यात खंडेनवमीला हत्यारांची पूजा असते. शिपयार्डात मी दरवर्षी करायचो. लेथला, ड्रिलला, पान्यांना हळद-कुंकू, फूल, अक्षता. चिनी सुपरवायझरसुद्धा नारळाचा तुकडा मागून घ्यायचा. खंडेनवमीला कुसुमचा शेवटचा सराव होता, मी बरोबर गेलो. मी म्हटलं, "पूजा करू या त्याची. खरं हत्यार आहे तुझ्याकडे, आणि आजच्या दिवशी नुसतं ठेवायचं?"

"त्याला पूजा नको," ती म्हणाली. "तेल पाहिजे."

विषय संपला. पण मी खिशात पुडी घेऊनच गेलो होतो. सराव झाला, ती हातपाय धुवायला गेली. पिस्तूल परत घेणारा उस्मान ओळखीचा झाला होता, चांगला माणूस. मी म्हटलं, "उस्मान, प्रे. वन मिनिट." तो म्हणाला, "क्विक लाह अंकल, अँड डोंट टच द ट्रिगर." मी वरून बोटभर हळद-कुंकू लावलं, चार अक्षता टाकल्या, हात जोडले, सगळं रुमालाने पुसून घेतलं. तिला काही सांगितलं नाही. पास झाली की सांगणार होतो.

लेथला अक्षता वाहतात तेव्हा लेथ बंद असतो, कुठे काही उघडं नसतं. पिस्तूल मात्र ठेवताना उघडं ठेवतात, आत गोळी नाही हे सगळ्यांना दिसावं म्हणून. सव्वीस वर्षं फिटर होतो मी. उघड्या मशीनवर तांदूळ टाकला.

परीक्षेला मी काचेमागे बसलो होतो. पाच-पाच गोळ्यांच्या आठ फेऱ्या. सात फेऱ्या उत्तम गेल्या, गो मास्तर मान डोलावत होते. आठव्या फेरीत दोन गोळ्या सुटल्या आणि पिस्तूल अडकलं. तिने नियमाप्रमाणे ते समोर ठेवलं आणि हात वर केला. गो मास्तर आले, गोळ्यांचं मॅगझिन काढलं, आत बघितलं, चिमट्याने काहीतरी ओढून काढलं आणि तळहातावर धरलं. तांदळाचा दाणा. लाल.

"आंटी," ते म्हणाले, "व्हाय गॉट राइस?"

मागे एक-दोघं हसले. कुसुमने वळून काचेतून माझ्याकडे बघितलं. फार वेळ नाही बघितलं. मग त्यांना म्हणाली, "माय हसबंड प्रे. टू मच प्रे."

पिस्तूल आपणहून बिघडलं तर गोळ्या परत मारू देतात. बाहेरचं काही आत गेलं तर ती मारणाऱ्याची चूक. तीन गोळ्यांना शून्य मिळालं. एकूण तीनशे पाच. त्या तीन गोळ्यांना नुसते आठ-आठ पडले असते तरी ती पास होती. हिशेब मला तिथेच बसल्याबसल्या करता आला.

बसमध्ये मी बोलायला तोंड उघडलं. ती म्हणाली, "क्लेमेंटीपर्यंत गप्प बसा." पुढे एमआरटीत क्लेमेंटी स्टेशन येऊन गेलं. मग तीच म्हणाली, "उस्मानला ओरडा बसला का बघा. त्याला सांगा, त्याची चूक नाही." आणि थोड्या वेळाने, "तीन महिने. बघून घेऊ."

त्या तीन महिन्यांत दुखणं परत आलं, लिव्हरमध्ये. औषधाने केस गेले, अन्न जाईना. संदीप म्हणाला, "आई, आता बस कर ते." ती म्हणाली, "तू तुझं ऑफिस बस कर, मग मी करते." इस्त्री उचलणं जमेना, तेव्हा सोया सॉसची अर्धी बाटली घ्यायची. मी एकदा तिच्यासमोर सरळ म्हणालो, "माझ्यामुळे तुझे तीन महिने गेले. एव्हाना नावावर झालं असतं." औषधाच्या गोळ्यांच्या डबीचं झाकण ती डाव्या हाताने उघडत होती. म्हणाली, "तुमच्यामुळे गेलेली वर्षं मोजायला बसले तर हे तीन महिने यादीत फार खाली येतील." मग डबी माझ्याकडे दिली. "उघडा. तेवढं तरी नीट करा."

दुसऱ्या परीक्षेला ती स्वतःच्या पायांनी गेली. प्रत्येक फेरीनंतर खुर्चीवर बसायची, वेळ झाली की उठायची. चाळीस गोळ्या झाल्या. गो मास्तरांनी कागद दोनदा मोजले. तीनशे बावीस. त्यांनी हात पुढे केला, डावा. तिने तो धरला आणि बराच वेळ सोडला नाही. मला वाटतं उभं राहायला आधार पाहिजे होता. ती नंतर म्हणाली, तसं काही नव्हतं.

परवान्याचा कागद पाच आठवड्यांनी आला. तिचं पूर्ण नाव, खाली पिस्तुलाचा नंबर. स्वतःचं म्हणून ते तिने चार वेळा चालवलं. पाचव्या वेळेला आम्ही स्टेशनपर्यंत गेलो आणि परत आलो. पुढच्या महिन्यात ती गेली.

मग क्लबचं पत्र आलं. मालक नाही, तर पिस्तूल विकायचं किंवा मोडीत द्यायचं. संदीप म्हणाला, मी बघतो. मी म्हटलं, तू नको. घेणारे तिघं होते. दोघं उजवे, मूठ बदलून घेणार होते, पैसेही जास्त देत होते. तिसरी एका हॉस्पिटलातली नर्स, डावखुरी. मी तिला म्हटलं, "आय क्लोज, हँड अप, आय ओपन." तिने केलं. म्हणाली, "मिडल, अंकल." तिला दिलं.

उस्मान फॉर्म भरत होता. त्यात एक रकाना होता, पूर्वी काही बिघाड झाला होता का. त्याने मला विचारलं. मी म्हटलं, "येस. वन टाइम जॅम."

"रीझन?"

"हसबंड," मी म्हटलं.

उस्मानने पेन थांबवलं. माझ्याकडे बघितलं, मग खाली बघून लिहिलं. दोनच शब्द होते, आणि तेवढं इंग्रजी मला वाचता येतं. नो फॉल्ट. मी म्हटलं, "उस्मान, दॅट नॉट ट्रू." तो म्हणाला, "अंकल, हा फॉर्म गनचा आहे," म्हणजे त्याच्या इंग्रजीत तसं काहीतरी, आणि कागद सहीसाठी माझ्यापुढे सरकवला.