चौदा तास कधीपासून धरायचे

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे चिंच फोडणं. मी दगडानं फोडत होतो, बायको चिंचोके काढत होती. पोरीसाठी गोळे बांधून ठेवायचे होते. पोरगी टोरांटोत राहते.

"तिथून दिल्ली किती लांब पडते जी?" बायकोनं विचारलं.

"साडेअकरा हजार किलोमीटर. जावई म्हणे, विमानाले चौदा तास लागते."

"म्हणजे अहेरीवरून चंद्रपूर शंभर डाव! अन् आपली एसटी एका डावाले पाच तास खाते."

"तुले काऊन पायजे हिशेब? जाते का विमानात?"

"जाईन. तुमाले नाई नेणार. खिडकी तुमीच धराल."

ती हसली, पाणी प्यायला उठली. दारातच बसली, मग आडवी झाली. दवाखान्याची गाडी येईस्तोवर संपली. सोमवार, दुपारचे तीन वाजले होते.

पोरीले फोन केला. तिथी पहाट होती. रडत रडत म्हणाली, "मी निघतेच बाबा. मायले ठेवा. मले तिचं तोंड पाहू द्या."

मी तीनात चौदा मिळवले. पहाटेचे पाच, दिल्ली. तिथून नागपूरचं विमान, मग इथपर्यंत गाडी. मी सगळ्यांले सांगून टाकलं, उद्या दुपारी दोनले येते. चुलतभाऊ म्हणाला, "भाऊ, ऊन पाहा." मी त्याच्यावर खेकसलो. बाजारातल्या मासोळीवाल्याकडून बर्फाच्या लाद्या आणल्या.

सकाळी सातले फोन वाजला. "नागपूरले उतरली का?" मी विचारलं.

"नाई बाबा. आता विमानात बसून राह्यली."

"मंग कालपासून काय करत होती?"

"तिकीटच रात्रीचं भेटलं. इथी रात्रीचे साडेनऊ झाले."

"कोणाच्या रात्रीचे?"

"सोमवारच्या. इथी अजून सोमवारच आहे."

मले काही उमजेना. माझ्या अंगणात मंगळवारचं ऊन आलेलं. सोमवारी तर आम्ही चिंच फोडत होतो. तिथी अजून सोमवार आहे, तर तिची माय कुठी आहे? हे मी विचारलं नाई. अजून कोणाले विचारलं नाई.

"घरी कधी येशील?"

"तुमच्या बुधवारी दुपारी."

बर्फाचं पाणी होऊन उंबऱ्यापर्यंत आलं होतं. चुलतभाऊ खाली पाहत होता.

"थांबता येत नाई, बाई," मी म्हणालो.

ती म्हणाली, "मायच्या कानाले फोन लावा."

लावला. पोरगी काय बोलली मले माहीत नाई. विमानातली एक बाई इंग्रजीत काहीतरी पुकारत होती, तेवढं बाहेर ऐकू आलं. मग फोन बंद झाला. मी चुलतभावाले म्हणालो, "चला."

नदीवर पोचलो तेव्हा साडेनऊ वाजले होते. पोरीच्या चौदा तासांतले दोनच सरले असतील. मी आग दिली.