निनादगडातली माणसं कमी करताना

अहमदपूरच्या एसटी स्टँडमागच्या गल्लीत सलीमभाईंचा छापखाना आहे. तिथं दयानंद वीसेक वर्षांपासून लग्नपत्रिका जुळवतो. जुळवतो म्हणजे आता कॉम्प्युटरवर टाइप करतो, पण जुनी माणसं अजून जुळवणंच म्हणतात. तालुक्यातल्या निम्म्या संसारांची सुरुवात त्याच्या बोटांखालून गेली आहे. स्वतःच्या संसाराची तेवढी राहिली. आधी धाकट्या बजरंगचं शिक्षण, मग बजरंगचं लग्न, मग आईचं दुखणं, असं करता करता केस पिकले. त्याच्यासाठी स्थळं आणणारे मध्यस्थ आता त्याच्याकडं नातवंडांच्या बारशाची कार्डं छापायला येतात आणि जाताना विचारतात, "काय मग, औंदा तरी?" दयानंद हसून पावती फाडतो.

पत्रिका छापणं हे काम दिसतं तेवढं साधं नाही. आमच्याकडच्या पत्रिकेत वधूवर दोन आणि बाकीचे दीडशे. आशीर्वाद देणारे वेगळे, निमंत्रक वेगळे, प्रेषक, व्यवस्थापक, स्वागतोत्सुक वेगळे, आणि तळाशी 'आमच्या आत्याच्या लग्नाला यायचं हं' म्हणणारी पोरं, ज्यांतल्या दोघांना अजून बोलताही येत नसतं. एखादं नाव राहिलं की झालंच. दयानंद नवीन होता तेव्हा देवणीकडच्या एका पत्रिकेत नवरीच्या थोरल्या चुलत्याचं नाव सुटलं. चुलता अक्षता पडायच्या आधी मांडवातून उठला, त्याच्या मागं सगळी भावकी उठली. दुसऱ्या दिवशी नवरीचा बाप छापखान्याच्या पायरीवर बसून लहान पोरासारखा रडला. त्या दिवशी दयानंदनं खूणगाठ बांधली, की काही झालं तरी कुणाला वगळायचं नाही.

पत्रिकेपुरती ही गाठ बरी होती. त्यानं ती कादंबरीलाही बांधली आणि तिथं सगळा घोळ झाला.

हो, दयानंद कादंबरी लिहितो. आई गेल्यावर त्यानं सुरुवात केली. आषाढी झाली की तुळशीच्या लग्नापर्यंत छापखान्यात शुकशुकाट असतो, सलीमभाई दुपारभर शटर अर्धं ओढून पेंगतात, तेव्हा हा आपला टाइप करत बसतो. गोष्ट तशी झकास होती. निनादगड नावाचं एक राज्य, चहूकडं डोंगर. तिथं कुणी हाक मारली की डोंगर ती परत द्यायचे. एके दिवशी मौनावती नावाची चेटकीण येते आणि राज्यातले सगळे प्रतिध्वनी एका घागरीत भरून घेऊन जाते. तेव्हापासून तिथं हाक मारली की ती गेली ती गेलीच. ती घागर परत आणायला शार्दूलसेन नावाचा तरणाबांड गडी निघतो.

निघतो म्हणजे, निघणार असतो. घोड्यावर चढायला त्यानं रिकिबीत एक पाय टाकला आणि घोडा धरून मोतद्दार उभा असल्याचं दयानंदच्या लक्षात आलं. आता मोतद्दार आला म्हणजे त्याचे आईवडील आले. मामा आले. मामाचं गाव कुठलं, तिथला किल्लेदार कोण, किल्लेदाराच्या मेहुण्याला जादूचे पंख कसे फुटले, त्या मेहुण्याचं आणि उडत्या सैन्याच्या सेनापतीचं वाकडं का, हे सगळं सांगणं आलं. सेनापती थोरला, म्हणून त्याला एक प्रकरण जास्त देणं आलं. पानांचा गठ्ठा वीतभर झाला, गडावर मुंगी शिरायला जागा राहिली नाही, आणि शार्दूलसेनाचा दुसरा पाय अजून जमिनीवरच होता.

ही गोष्ट ऐकणारं माणूस एकच होतं, रहमतबी. सलीमभाईंच्या अब्बांच्या काळापासून ती छापखान्यात कार्डांना घड्या घालते, सोनेरी गणपती चिकटवते, निकाहच्या कार्डांवर चांद चिकटवते. गल्ली तिला चाची म्हणते. दुपारी मशीन थांबलं की ती पोत्यावर बसायची, मांडीवर तुळशीनंतरच्या लग्नांसाठी कोऱ्या कार्डांचा ढीग घ्यायची आणि म्हणायची, "हां, वाच बेटा." दयानंद वाचायचा. त्याच्या दिवसभरातली तेवढीच वेळ अशी, की तो बोलतोय आणि कुणीतरी ऐकतंय.

यंदा श्रावणात मात्र रहमतबीनं मध्येच हात वर केला.

"दयानंदा, तुजा शार्दूल घोड्यावर बसनार हाय का न्हाई?"

"बसतोच चाची. ह्या मोतद्दाराचं एवढं संपलं की."

"दीड साल झालं त्येचा पाय रिकिबीत अडकून. घोडं म्हातारं झालं आसंल आता." ती चष्मा पुसत म्हणाली. "कोन कोनाचा मामा, कोन कोनाचा साडू, मला कायबी उमगंना झालंय. किती मानसं भरून राहिलास रे! आन् माज्यापाशी आता येळ न्हाई. जीशान न्यायला यायलाय मला. नांदेडात घर घेतलं त्येनं. डोळ्याचं आपरेशन बी तितंच करू म्हनला. पुढल्या जुम्म्याला नमाज झाली की गाडी घेऊन येतो."

जीशान तिचा मुलगा, नांदेडला गॅरेज चालवतो. पोरगं गुणाचं, आईला एकटी ठेवायची नाही म्हणून किती दिवस मागं लागलं होतं. सगळं खरं. तरी दयानंदनं हातातली पानं खाली ठेवली.

"कायमच्या?" त्यानं विचारलं.

"मग काय, ह्या वयात जाऊन परत येतात का? तुज्या गोष्टीचा एंड तरी ऐकू दे मला. मानसं कमी कर बाबा. पयल्यापास्नं सांग, सुटसुटीत."

त्या संध्याकाळी सलीमभाई घरी गेल्यावर दयानंद कॉम्प्युटरसमोर बसला आणि माणसं काढायला लागला. आधी सेनापतीची मामी काढली. ती कुणालाच नको होती, म्हणून सोपं गेलं. मग पंखवाला मेहुणा. मग किल्लेदार. मोतद्दारापाशी तो बराच थांबला, कारण मोतद्दाराला त्यानं फार जीव लावला होता, त्याला बोलताना मध्येच खोकायची सवयसुद्धा दिली होती. भरल्या पंगतीतून एकेकाला हात धरून उठवावं तसं त्याला वाटत होतं. घरी बोलायला कुणी नाही म्हणूनच आपण गडावर एवढी गर्दी केली, हे त्याला ठाऊक नव्हतं असं नाही. ठाऊक होतं. पण असल्या गोष्टी माणूस स्वतःशी मोठ्यानं बोलत नाही.

दयानंदचा स्वभाव मात्र असा, की एक तर सगळे, नाहीतर कुणीच नाही. एकाला ठेवलं तर दुसऱ्याला काय तोंड दाखवायचं? शेवटी त्यानं घोडादेखील काढला, कारण घोडा म्हटलं की पुन्हा मोतद्दार आलाच. राहिले शार्दूलसेन आणि ती चेटकीण.

आणि नवी गोष्ट पळायला लागली. शार्दूलसेन पहिल्याच पानावर पायी निघाला. दुसऱ्या दिवशी त्यानं आंधळं रान ओलांडलं, तिसऱ्या दिवशी तो वाळूच्या नदीत बुडता बुडता वाचला. रहमतबीचे हात थांबायचे, गणपती बोटाला चिकटून राहायचा. "या अल्ला," ती म्हणायची, "आत्ता कशी गोष्ट झाली बघ!" सलीमभाईसुद्धा झोपेचं सोंग घेऊन ऐकायचे. दयानंदला इतकं सुख कधी झालं नव्हतं, आणि रोज एक दुपार संपतेय याचं दुःखही होत होतं. गोष्ट लांबवावी असं त्याला दहादा वाटलं. पण चाचीला शेवट ऐकायचा होता. त्यानं लांबवली नाही.

जुम्म्याच्या दिवशी जीशानची गाडी गल्लीच्या तोंडाशी लागली. रहमतबीची पेटी, शिलाई मशीन, दोन गाद्या गाडीत चढल्या. ती मात्र येऊन पोत्यावर बसली. आज मांडीवर कार्डं नव्हती.

"वाच लवकर," ती म्हणाली.

दयानंदनं वाचलं. शार्दूलसेनानं मौनावतीला हरवलं, घागर डोक्यावर घेऊन तो निनादगडावर परतला, वेशीत त्यानं ती आपटून फोडली. डोंगर पुन्हा बोलायला लागले. मग तो आपल्या घरापाशी गेला. अंगणात उभं राहून त्यानं हाक मारली, 'मी आलो!' आणि घरातून त्याचीच हाक परत आली, 'मी आलो!' शार्दूलसेनाचे डोळे भरून आले. इथं गोष्ट संपत होती. हा शेवट सुचला त्या दिवशी दयानंद स्वतःवरच खूश होऊन चहा पिऊन आला होता.

रहमतबीनं चष्मा नाकावर नीट बसवला. मग तिनं विचारलं, "घरात कोन होतं?"

"कोनी न्हाई. पन आवाज परत आला की, चाची. त्येच्यासाठीच तर गेलता तो."

"आरं, रिकाम्या घरातच आवाज तसा घुमतो. मानसाच्या घरात कुटं घुमतो?" ती एकदम चिडली. "एवढं लांबून पोरगं आलं, आन् दार उघडाया बी कोन न्हाई? मानसं कमी कर म्हनले, घर रिकामं कर म्हनले का मी?"

बाहेर जीशाननं हॉर्न वाजवला. रहमतबी गुडघ्यावर हात ठेवून उठली. तिनं दयानंदच्या डोक्यावरून हात फिरवून स्वतःच्या कानशिलावर बोटं मोडली. "ह्ये दुरुस्त कर," म्हणाली. "मी फोनवर ऐकीन." सलीमभाईंनी मान फिरवून डोळे पुसले. गाडी मागं मागं घेत जीशान गल्लीतून बाहेर पडला.

आता शार्दूलसेनाच्या घरात कुणाला बसवायचं, हा पेच पडला. ज्यानं हजारो नावं टाइप केली त्याला एक नाव सुचेना. बजरंगला बसवावं, तर बजरंग लातूरला स्थिरावलेला, दिवाळीलासुद्धा सासुरवाडीला जाणारा. तो कशाला गडावर दार उघडत बसेल? शेजारी, सोबती, शाळेतले मित्र, सगळ्यांची घरं होती आणि ते आपापल्या घरात होते. शेवटी त्यानं आईचं नाव टाइप करायला घेतलं. एवढ्या वर्षांच्या सवयीनं बोटांनी नावाच्या आधी 'कै.' टाइप करून टाकलं. दयानंद त्या एका अक्षराकडं बघत राहिला. मग त्यानं कॉम्प्युटर बंद केला, आणि तीन-चार दिवस उघडलाच नाही. दुपारी पोत्याकडं पाठ करून तो पावतीपुस्तकांचे आकडे टाकत बसायचा.

मंगळवारी संध्याकाळी तो घरी आला, दार उघडून दिवा लावला, तोच फोन वाजला.

"दयानंदा? रहमतबी बोलून राहिले."

"बोला चाची. कसंय घर?"

"लई मोठं हाय. चवथ्या मजल्यावर. जीशान ग्यारेजात जातो, सून तिच्या शाळंत शिकवाया जाते. मी आपली हितं." ती जरा थांबली. "सामान बी न्हाई आजून घरात. खोकले तरी घुमतंय बघ."

दयानंदनं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"त्ये ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "उघडलं का दार?"

त्यानं काहीच लिहिलं नव्हतं. तरी तो म्हणाला, "उघडलं."

"कोनी?"

"तुमी."

 पलीकडं रहमतबी खाकरली.

"मग इचार की त्येला, एवढं चालून आलाय, जेवला का म्हनून."

दयानंदनं घरभर नजर फिरवली. स्वयंपाकघरात सकाळचं पातेलं तसंच पडलं होतं.

"न्हाई जेवला," तो म्हणाला.

"मग ऊठ. कनिक मळाया घे. मी हाय फोनवर."

दयानंदनं फोन ओट्यावर उभा करून ठेवला, हात धुतले आणि पिठाचा डबा खाली घेतला.