मदत जवळ आहे

पोलादपूरला एसटी स्टँडसमोर मोबाइल दुरुस्त करणारा एक गृहस्थ आहे. तो 'जवळ' हा शब्द वापरत नाही. कुणी मेडिकल कुठंय विचारलं, तर शेजारच्या दुकानाकडे बोट करून म्हणतो, "हाय पुढं."

पूर्वी असा नव्हता. अडचणीत मदत बोलावणारं ॲप आलं, तेव्हा येईल त्याच्या फोनमध्ये तो ते न विचारताच घालून द्यायचा. छातीत कळ आली की बटण दाबायचं, मग आसपासचे प्रथमोपचार शिकलेले लोक नकाशावर हिरव्या ठिपक्यांनी दिसतात. महाडला शिकून आल्यावर तोही ठिपका झाला होता.

गेल्या पावसाळ्यात नदीपलीकडे राहणाऱ्या त्याच्या थोरल्या भावाने ते बटण दाबलं. फोन म्हणाला, "मदत जवळ आहे." मदत म्हणजे हाच. धावत काठावर गेला, तर साकव पाण्याखाली. ॲपवाल्यांनी अंतर मोजलं होतं, नदी धरलीच नव्हती. भाऊ गेला.

ॲप तो अजूनही घालून देतो. फक्त आधी विचारतो, "ऱ्हाता अल्याड का पल्याड?" पल्याड म्हटलं की मान खाली घालून उगाच स्क्रू पिळत बसतो. मला ते बघवत नाही.

परवा न राहवून मी विचारलं, "भाऊ किती लांब होता हो?"

"लांब कुठं? ओटीवर बसलेला दिसत व्हता की. वैनी फोन वर धरून वरडत व्हती, 'भावजी, या ना, जवळ हाय म्हनतोय हा!'"