फटफटीवरचा मुऱ्हाळी

फटफटीवर बसण्याआधी नाना खाली वाकून धोतराचे दोन्ही सोगे पोटरीशी सुतळीने आवळून बांधत. मग उभे राहून समोरच्याला बजावत, "आधी सुतळी, मग किक." समोर कोणी नसलं, तर फटफटीलाच बजावत.

जळगावच्या एका कापूस पिंजायच्या जिनात ते इंजिनावर फिटर होते आणि मी तिथेच कारकून. कापसाचा हंगाम सुरू झाला की नाना त्या इंजिनाच्या खोलीत महिनोन्महिने कोंडलेले असत. खोलीला एकच दार, आणि इंजिनाचा पट्टा आडवा आल्यामुळे तेही अर्धंच उघडे. अशा माणसाला धुळ्याच्या एका गोऱ्या साहेबाची बंद पडलेली फटफटी भंगाराच्या भावात मिळाली. मोठ्या इंजिनाची, दोन माणसांनाही न ढकलवणारी. सहा महिने खपून त्यांनी ती चालू केली आणि पहिल्याच दिवशी जिनाच्या भिंतीला नेऊन धडकवली. तुम्ही म्हणाल, शहाणा माणूस तिथेच थांबला असता. नाना दुसऱ्या दिवशी एरंडोलला जाऊन आले.

एकदा मीही मागे बसलो. वाऱ्याने तोंड उघडता येईना, डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, टोपी गेली ती गेलीच. खडीच्या सडकेवर मागचं चाक घसरलं तेव्हा मी नानांच्या कमरेला मिठी मारली. घाबरलो हे खरं, आणि उतरल्यावर पुन्हा बसावंसं वाटलं हेही खरं. कचेरीतल्या साहेबाची बोलणी, घरची कटकट, सगळं मागच्या धुळीत राहून गेलं होतं. नाना हसत म्हणाले, आता कळलं ना, त्या खोलीत माझा जीव कशावर टिकतो ते?

नानांना एकच बहीण. पारोळ्याच्या पुढच्या एका खेड्यात दिलेली. घर मोठं, शेती मोठी आणि सासऱ्याचा तोरा त्याहून मोठा. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात आणि त्यांना आणायला भाऊ मुऱ्हाळी म्हणून जातो, हे आपल्याकडे ठरलेलंच. वर्षातले तेवढे आठ दिवस तिचे. तिच्या दोन लहान मुलींना सासू मात्र पाठवत नसे. मुली इथे असल्या की सून वेळेवर परत येते, असा त्या घरचा हिशेब. बाकीचे मुऱ्हाळी बैलगाडी घेऊन जात, नाना फटफटी. सासऱ्याला ते आवडे, कारण गावात मिरवता येई. फक्त सुनेने डोक्यावर पदर घेऊन, मान खाली घालून गावाबाहेर पडायचं. गावाची शीव ओलांडली की नाना गाडी थांबवत, तिचा पदर कमरेशी सुतळीने बांधत, आणि मग अजून वेग हवा म्हणून ती मागून म्हणे, "भाऊ, आखो जोरमा." परत सासरी जाताना ती वाटभर गप्प असे.

एका वर्षी शिवेबाहेर तिने पदर बांधूच दिला नाही. वर्षभर डोक्यावर असतो, आज उडू दे म्हणाली. नानांना नाही म्हणवलं नाही. पारोळा यायच्या आत एक उतार आहे. तिथे गाडी भन्नाट सुटली आणि पदर मागच्या चाकात गेला.

ती वाचली, पण मांडीचं आणि कमरेचं हाड मोडलं. नानांचं खरचटण्यावर निभावलं आणि तेच त्यांना सोसवेना. सासऱ्याने भावकीसमोर विचारलं, चूक कोणाची? नाना म्हणाले, माझी, सुतळी बांधायला विसरलो. चूक तिची ठरली असती तर त्या घराने लंगडी सून परत घेतली नसती आणि मुली तिला अंतरल्या असत्या, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. सासऱ्याने सून ठेवून घेतली, पण नानांकडून बहिणीच्या गळ्याची शपथ घेतली. फटफटीवर पुन्हा बसायचं नाही आणि या गावात मुऱ्हाळी म्हणून पाय ठेवायचा नाही. दवाखान्यातून तिला बैलगाडीत निजवून परस्पर सासरी नेलं.

नानांनी फटफटी विकली नाही. दर रविवारी ते ती स्टँडवर चढवत, शेजारी उभं राहून चालू करत आणि मूठ पिळत. मागचं चाक जागच्या जागी गरगरत राही. बसत नव्हते, म्हणजे शपथ मोडत नव्हते. मला ते बघवत नसे. विकून टाका की, असं मी एकदा म्हणालो.

"विकली तर मी सुटलो," नाना म्हणाले. "ती कुठे सुटली?"

पाच आखाज्या अशा गेल्या. सहाव्या वर्षी नानांनी मलाच मानलेला भाऊ करून धाडलं, हातात लुगडं आणि सांजोऱ्यांचा डबा देऊन. सासरा वयाने जरा मवाळ झाला होता. त्याने बसवलं, पाणी दिलं, पाठवतो म्हणाला. इथेच थांबला असता तर बरं होतं. पण बोलता बोलता तो नानांच्या बेफिकिरीवर घसरला, असला भाऊ वैऱ्यालाही नको म्हणाला. तेवढ्यात ती दाराआडून पुढे आली.

"आबा, भाऊ इसरना नही. मीच पदर बांधू दिधा नही. चूक मनी शे."

सासऱ्याने सांजोऱ्यांचा डबा माझ्याकडे परत सरकवला. मग मला म्हणाला, पाहुणे, निघा तुम्ही. मुलींची लग्नं होईपर्यंत ही उंबरा ओलांडणार नाही. हातात आलेले आठ दिवस तिने असे का घालवले, याचा मी वाटभर विचार केला. पाच वर्षं ती ते गिळून बसली होती आणि त्या दिवशी तिला गिळवेना, एवढंच मला समजलं. मला तिचा राग आला आणि रडूही आलं.

नाना पुढे दोन वर्षांनी तापाने गेले. बहिणीची भेट झाली नाही. मला आठवतात ते मी एकटाच परत आलो त्या दिवशीचे नाना. सगळं ऐकून ते म्हणाले, "येडी शे," आणि जिनातल्या इंजिनाला टेकून बसले. मी म्हटलं, आता तुमच्यावरचा आळ गेला, बसा गाडीवर. त्यांनी मान हलवली. मग हळूच विचारलं, "चालते कशी?"

मला आधी कळलंच नाही. अपघातानंतर त्यांनी तिला उभी पाहिली नव्हती. थोडी लंगडते, असं मी सांगितलं. तेवढ्याने त्यांचं भागेना.

"चालून दाखवा," ते म्हणाले.

मी पोट सुटलेला कारकून. डावा पाय ओढत, कमरेवर हात ठेवून इंजिनापासून दारापर्यंत चाललो. बाहेरचे हमाल हसायला लागले. नाना माझ्या पायांकडे बघत होते. दाराशी पोचलो तेव्हा म्हणाले, "परत एकदा."

मी परत चाललो.