बूट काढायचा नियम

कारखान्याच्या वसाहतीत, सेक्टर दहामध्ये, माझ्या शेजारच्या क्वार्टरमध्ये राहणारा एक माणूस प्लांटमध्ये सेफ्टीचं काम पाहायचा. सेफ्टी शूज नसलेल्या मजुराला तो गेटवरूनच परत पाठवायचा. "नियम म्हणजे नियम, भाऊ," असं म्हणताना बोट ठोकायची त्याची सवय होती, आणि ते बोट नेहमी समोरच्याच्या छातीवर ठोकलं जायचं. मला त्याचा आदर वाटायचा. आता त्याचा आवाज ऐकला तरी डोकं तापतं.

मागच्या उन्हाळ्यात आम्ही दोघं भोपाळला जुनी मशीद पाहायला गेलो. पायऱ्यांवर तिथल्या म्हाताऱ्या सेवकाने हात जोडले. "साहब, जूते यहीं उतार दीजिए. अंदर लोग माथा टेकते हैं."

मी वाकून बुटाची लेस सोडली.

"बूट कावून काढून राहिले भाऊ?" शेजारी म्हणाला. "आपण पाहाले आलो, नमाज पढाले नाही." आणि तो बुटांसकट आत गेला. मला भयंकर संताप आला. तरी मी लेस पुन्हा बांधली आणि त्याच्या मागे गेलो.

म्हातारा ओलं फडकं घेऊन, गुडघ्यांवर सरकत, आमच्या पावलांचे ठसे पुसू लागला.

"हटो बाबा, फोटो में आ रहे हो," शेजारी खेकसला.

म्हातारा हटला नाही. पुसत पुसत तो माझ्यापाशी पोचला.

"साहब, ज़रा पैर उठाइए."

मी पाय उचलला. त्याने खालची फरशी पुसली, आणि मी बूट पुन्हा तिथेच टेकवला.